जावातला मेथड रेफरन्स जपून ठेवायचा म्हणजे नेमकं काय?

जळगाव, धुळे, शिरपूरकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट रंगात आले की एक तक्रार हमखास ऐकू येते. जावा या भाषेत लिहिलेला प्रोग्राम छान चालतो, बटण दाबलं की काम होतं. पण चालू स्थिती फाइलीत साठवायला गेलं की 'नॉट सीरिअलायझेबल एक्सेप्शन' अशी लाल ओळ येते आणि सगळं थांबतं. मित्र सांगतो, "त्या क्लासला सीरिअलायझेबल लावून टाक." लावलं की ओळ जाते. पुढे प्रोग्राममध्ये जरासा बदल होतो आणि कालची फाइल आज उघडत नाही.

ही अडचण कॉलेजच्या फाटकापाशी संपत नाही. खानदेशात जिनिंग, डाळ मिल, दूध संकलन, पतसंस्था यांचे हिशेब आता संगणकावर असतात, आणि तो संगणक बऱ्याचदा एखाद्या कोपऱ्यात यूपीएसच्या भरवशावर चालत असतो. मे महिन्यात भुसावळ-रावेरकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा वीज जाण्याचं कुणाला नवल वाटत नाही. वीज गेली, प्रोग्राम बंद झाला, आणि 'हे झालं की ते कर' अशी जी कामं नुसती मेमरीत होती ती पुसली गेली. ज्याचा निरोप किंवा पावती त्यात होती, त्याला जावा ठाऊक नसते. निरोप आला नाही, एवढंच त्याला कळतं. म्हणून हा विषय मुळापासून समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

## आधी कामापुरते शब्द

समजा, रावेर तालुक्यातल्या केळी उत्पादकांसाठी एक प्रोग्राम लिहिलाय. केळीची गाडी भरून वजनकाट्यावर आली, वजन झालं, की तीन कामं व्हायला हवीत: शेतकऱ्याच्या फोनवर वजनाचा निरोप, व्यापाऱ्याच्या खात्यात नोंद आणि वाहतूकदाराला पावती.

'वजन झालं' ही घटना म्हणजे इव्हेंट. ती घटना घडली की जो कोड चालतो तो लिसनर. नाव दिलेल्या एकेका कामाला मेथड म्हणतात. माहिती आणि मेथड एकत्र बांधलेली, प्रोग्राम चालू असताना मेमरीत नांदणारी वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट, आणि तो ज्या आराखड्यावरून घडतो तो क्लास. आणि 'हे काम आत्ता करू नकोस, फक्त कोणतं ते ध्यानात ठेव' असं सांगायची जावाची रीत म्हणजे मेथड रेफरन्स. तो दोन अपूर्णविरामांची जोडी वापरून लिहितात. जावात मेथडची आणि ऑब्जेक्टची नावं देवनागरीत दिलेली चालतात, त्यामुळे निरोप::वजनकळव ही चीज जावाला खरोखर समजते. डावीकडे कोण, उजवीकडे काय.

उरलं सीरिअलायझेशन. मेमरीतल्या ऑब्जेक्टचं बाइट्सच्या सलग ओळीत रूपांतर करायचं, म्हणजे तो फाइलीत ठेवता येतो, तारेवरून दुसऱ्या संगणकाकडे धाडता येतो आणि नंतर त्या ओळीतून पुन्हा उभा करता येतो. १९९७ साली आलेल्या जावा १.१ पासून ही सोय भाषेतच आहे. ज्या क्लासवर 'सीरिअलायझेबल' असा शिक्का असेल त्याचेच ऑब्जेक्ट असे साठवले जातात. या शिक्क्यात एकही मेथड नाही. तो नुसती परवानगी देतो.

## रेफरन्स सरळ साठवता का येत नाही?

सावद्याच्या काट्यावर उभं राहून तुम्ही पोऱ्याला म्हणता, "वजन झालं की त्यांना सांग," आणि बोट दाखवता. दोघं एकाच आवारात आहात, समोरचा माणूस दिसतोय, तोवर बोट पुरतं. तीच गाडी दिल्लीला निघाली आणि पुढचं काम तिथल्या माणसाने करायचं असलं, की बोट दाखवून भागत नाही. चिठ्ठी द्यावी लागते: कुठलं दुकान, कोणतं काम, कोणाच्या नावाने.

मेमरीतला मेथड रेफरन्स हे बोट आहे. प्रोग्राम बंद झाला की ते आवारच उरत नाही. नव्याने चालू झालेल्या प्रोग्राममध्ये त्याच नावाचा क्लास असतो, तीच मेथड असते, पण जुनं बोट कुणाकडेच वळलेलं नसतं. म्हणून साठवायची गोष्ट म्हणजे चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर काय लिहायचं हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

जावाच्या रचनेतही हे दिसतं. चालू प्रोग्राममधल्या मेथडची माहिती देणारा 'मेथड' नावाचाच एक क्लास रिफ्लेक्शनच्या, म्हणजे प्रोग्रामला स्वतःचीच रचना पाहू देणाऱ्या, सोयींत आहे, आणि त्यावर सीरिअलायझेबलचा शिक्का नाही. तो त्या क्षणी मेमरीत चढलेल्या क्लासशी बांधलेला असतो. म्हणून जुने प्रोग्रामर क्लासचं नाव, मेथडचं नाव आणि तिला लागणाऱ्या माहितीचे प्रकार असे तीन तुकडे मजकूर म्हणून साठवायचे आणि परत आल्यावर त्यावरून मेथड शोधायचे. वेबपानं बनवणाऱ्या जेएसएफने हेच नीटनेटकं केलं. तिथे बटणाला जोडलेल्या मेथडचं वर्णन करणारा 'मेथड एक्स्प्रेशन' हा ऑब्जेक्ट मुळातच सीरिअलायझेबल आहे, कारण त्याचा आधार पानावर लिहिलेला मजकूर असतो.

## "पण जावा आठने ही सोय दिली आहे ना?"

दिली आहे. मार्च २०१४ मध्ये आलेल्या जावा आठमध्ये मेथड रेफरन्स आणि त्याचं भावंड लॅम्ब्डा, म्हणजे बिननावाचं छोटं काम, दोन्ही आले. ज्या इंटरफेसच्या, म्हणजे 'कोणती मेथड हवी' एवढंच सांगणाऱ्या कराराच्या, जागी तुम्ही रेफरन्स देता तो इंटरफेस सीरिअलायझेबल असेल, तर तो रेफरन्सही साठवता येतो. इंटरफेस आपल्या हातातला नसेल तर कास्ट करताना, म्हणजे रेफरन्सचा प्रकार सांगताना, & चिन्हाने सीरिअलायझेबल जोडता येतं. वाडिन आणि विकेट यांसारखी वेबपानं बनवणारी साधनं पडद्याची पूर्ण स्थिती साठवतात, म्हणून त्यांचे लिसनर असेच घडवलेले असतात. अनेक संगणकांवर काम वाटून देणारं अपाचे स्पार्क हे साधनही एका यंत्रावर लिहिलेलं फंक्शन दुसऱ्या यंत्रांवर धाडताना याच वाटेने जातं.

आत काय घडतं ते पाहिलं की भीती जाते आणि सावधपणा येतो. साठवताना जावा तो रेफरन्स बाजूला ठेवते आणि त्याच्या जागी 'सीरिअलाइझ्ड लॅम्ब्डा' नावाचा एक साधा ऑब्जेक्ट लिहिते. त्यात रेफरन्स ज्या क्लासमध्ये लिहिला गेला त्याचं नाव, इंटरफेसचं नाव, प्रत्यक्ष चालणाऱ्या मेथडचा क्लास, तिचं नाव, तिचा साचा (ती कोणत्या प्रकारची माहिती घेते आणि देते) आणि सोबत पकडून ठेवलेली माहिती असते. म्हणजे जावाही चिठ्ठीच लिहिते! परत वाचताना ती चिठ्ठी मूळ क्लासकडे नेली जाते. कंपायलरने, म्हणजे आपला कोड यंत्रासाठी उलथणाऱ्या प्रोग्रामने, त्या क्लासमध्ये आधीच गुपचूप घालून ठेवलेली एक मेथड चिठ्ठी तपासते आणि जुळली तर नवा रेफरन्स बनवून देते.

अडतं ते 'जुळली तर' इथे. लॅम्ब्डाला स्वतःचं नाव नसतं, म्हणून कंपायलर त्याला स्वतःच एक नाव बनवून देतो, आणि त्या नावाच्या शेवटी क्रमांक असतो. त्याच मेथडमध्ये वरच्या बाजूला तसाच आणखी एक लॅम्ब्डा लिहिला की खालच्यांचे क्रमांक सरकू शकतात. चिठ्ठीवर 'रांगेतला तिसरा माणूस' असं लिहिल्यासारखं झालं ते. दुसऱ्या दिवशी रांगेत तिसरा कोण असेल, कोण सांगणार? क्वचित साचा जुळतो आणि भलतंच काम चालतं. ते तर चूक दिसण्यापेक्षाही वाईट. कंपायलर बदलला तरी हा धोका असतो, आणि ओरॅकलच्या जावा शिकवणीतच लॅम्ब्डा सीरिअलाइझ करू नका असा जोरदार सल्ला आहे.

मेथड रेफरन्स त्यापेक्षा बरा, कारण चिठ्ठीवर खरं नाव असतं. तरीही मेथडचं नाव बदललं, ती दुसऱ्या क्लासमध्ये हलवली, किंवा ज्या क्लासमध्ये तो रेफरन्स लिहिला होता तिथली ती ओळच काढून टाकली, तर जुनी चिठ्ठी नाकारली जाते. त्यातली शेवटची गोष्ट फार जणांना चकवते. मेथड जागेवर आहे, नाव तेच आहे, तरी फाइल उघडत नाही, कारण चिठ्ठी लिहिणाऱ्या क्लासकडेच ती वाचायची जबाबदारी होती.

आणखी एक बाब लिसनर काढून टाकण्याची. निरोप::वजनकळव असं दोन ठिकाणी लिहिलं तर ते दोन रेफरन्स एकमेकांशी समान ठरतील अशी हमी जावा देत नाही. 'हा लिसनर काढ' म्हणून तुम्ही तीच ओळ पुन्हा लिहिता आणि काहीच निघत नाही. साठवून परत आणलेल्या रेफरन्सचंही तेच.

## मागून येणारं लटांबर

रेफरन्सच्या डावीकडे ऑब्जेक्ट असेल तर तोही साठवणीत येतो. डावीकडे 'धिस' म्हणजे 'हा स्वतः' असेल, तर पूर्ण पडदा, त्यातली प्रत्येक चौकट, डेटाबेसची जोडणी, सगळं मागोमाग येतं. डेटाबेसची जोडणी साठवता येत नाही, आणि सुरुवातीची लाल ओळ बहुतेक वेळा इथूनच उगवते. लॅम्ब्डात तर हे दिसतही नाही. आत ऑब्जेक्टचा एखादा फील्ड, म्हणजे माहितीचा रकाना, वापरला की 'धिस' न सांगता पकडला जातो.

'ट्रान्झिएंट' असं लिहून काही भाग साठवणीतून वगळता येतो, पण मग परत आल्यावर ती जागा रिकामी असते आणि ती भरायची आठवण कुणीतरी ठेवावी लागते.

उलट टोकही आहे. जावाबीन्स या जावाच्याच सोयीतला 'प्रॉपर्टी चेंज सपोर्ट' हा लिसनरांची यादी सांभाळणारा क्लास साठवताना जे लिसनर सीरिअलायझेबल नाहीत ते मुकाट्याने गाळतो. ना लाल ओळ, ना इशारा. प्रोग्राम परत उभा राहतो आणि काही कानच गायब असतात. मला विचाराल तर ओरडणारी चूक परवडली.

## मग आपली चिठ्ठी आपणच लिहू

मी सांगेन तो मार्ग असा: रेफरन्स साठवू नका. त्या कामाला तुम्ही स्वतः एक नाव द्या आणि ते नाव साठवा.

आपल्या केळीच्या प्रोग्राममध्ये कामांची एक ठरलेली यादी करायची. जावात अशा यादीला एनम म्हणतात: वजन_कळव, खाते_नोंद, पावती_दे. एनमची एक गोष्ट इथे फार उपयोगी पडते. तो साठवला जातो तेव्हा फक्त त्याचं नाव लिहिलं जातं, क्रमांक लिहिला जात नाही. यादीत मधेच नवं काम घुसवलं तरी जुन्या फाइली वाचता येतात. नाव मात्र बदलायचं नाही. बदललंत तर वाचताना जावा स्पष्ट सांगते की असं नाव यादीत नाही.

मग एक छोटा ऑब्जेक्ट, त्याला 'राहिलेलंकाम' म्हणू. त्यात तीन रकाने: कोणतं काम, कोणत्या पावतीसाठी, आणि या ऑब्जेक्टची आवृत्ती कितवी. मार्च २०२१ मध्ये जावा १६ सोबत पक्के झालेले रेकॉर्ड, म्हणजे फक्त माहिती बाळगणारे आटोपशीर क्लास, अशा ऑब्जेक्टसाठीच जन्मले आहेत असं वाटतं. दोन रेकॉर्डमधली माहिती सारखी असेल तर ते समान मानले जातात, त्यामुळे वर सांगितलेला लिसनर न निघण्याचा घोळ मिटतो. शिवाय साठवलेला रेकॉर्ड परत उभा करताना जावा त्याचा नेहमीचा कन्स्ट्रक्टरच, म्हणजे ऑब्जेक्ट घडवणारा कोडच, वापरते. 'पावती क्रमांक शून्य नसावा' अशी तपासणी तिथे लिहिली असेल तर फाइलीतून आलेल्या माहितीलाही ती लागू होते. साध्या क्लासच्या बाबतीत सीरिअलायझेशन त्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरला वळसा घालून ऑब्जेक्ट उभा करतं, आणि अशा तपासण्या वाया जातात.

रकान्यांत शेतकऱ्याचा ऑब्जेक्ट नाही हे लक्षात आलं असेल. फक्त पावतीचा क्रमांक आहे. शेतकऱ्याने मधल्या काळात फोन नंबर बदलला, तर काम चालवताना डेटाबेसमधून ताजा नंबर घेतला जाईल. वजन मात्र त्या क्षणाचंच हवं, म्हणून ते पावतीवर आधीच नोंदवलेलं असावं. काय गोठवायचं आणि काय ताजं वाचायचं हे प्रत्येक कामापाशी थांबून ठरवावं लागतं. यंत्राला ते ठरवता येत नाही.

शेवटी, प्रोग्राम सुरू होताना एक तक्ता भरायचा: वजन_कळव या नावासमोर निरोप::वजनकळव हा रेफरन्स, खाते_नोंदसमोर दुसरा, पावती_देसमोर तिसरा. मेथड रेफरन्स इथे आहेच, पण तो फाइलीत कधीच जात नाही. मेथडचं नाव उद्या बदला, दुसऱ्या क्लासमध्ये न्या, तक्त्यातली एक ओळ दुरुस्त केली की जुन्या सगळ्या चिठ्ठ्या चालतात.

## चिठ्ठी खोटी असेल तर?

हा भाग घाईत वगळला जातो, आणि सगळ्यात महाग पडतो. फाइलीतून किंवा नेटवरून आलेले बाइट्स आपणच लिहिले होते कशावरून? क्लासचं आणि मेथडचं नाव वाचून डोळे झाकून ती मेथड चालवणारा कोड असेल, तर ज्याच्या हाती ती फाइल लागेल तो संगणकाकडून वाटेल ते करवून घेऊ शकतो.

जावाचं मूळ सीरिअलायझेशन तर आणखी एक पायरी पुढे आहे. तिथे ऑब्जेक्ट वाचतानाच कोड चालू शकतो. २०१५ साली संशोधकांनी दाखवून दिलं की अपाचे कॉमन्स कलेक्शन्स या घरोघरी वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीतले निरुपद्रवी तुकडे एकापुढे एक जोडून बाइट्सची अशी ओळ बनवता येते, की ती नुसती वाचली तरी समोरच्या सर्व्हरवर आज्ञा चालते. वेबलॉजिक, जेबॉस, जेन्किन्स असे नावाजलेले सर्व्हर त्यात सापडले. २०१७ मध्ये जावा ९ सोबत कोणते क्लास वाचायचे आणि कोणते नाकारायचे हे ठरवणारी गाळणी भाषेत आली, जुन्या आवृत्त्यांनाही ती दिली गेली, आणि २०२१ च्या जावा १७ मध्ये ती जागेनुसार वेगवेगळी लावता येऊ लागली. मूळ सीरिअलायझेशन वापरणार असाल तर ही गाळणी लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. पडद्याची स्थिती ब्राउझरकडे पाठवून परत घेणाऱ्या वेबसाइटने तर दुप्पट जपावं, कारण ती चिठ्ठी मधे परक्या हातात असते.

एनमची यादी इथेही कामी येते. चिठ्ठीवर यादीत नसलेलं नाव आलं, तर तक्त्यात त्यासमोर काहीच नाही. काम चालत नाही, नोंद होते, विषय संपला.

## "मग जेसनच वापरलेलं काय वाईट?"

काहीच वाईट नाही. तीन रकान्यांचा ऑब्जेक्ट जेसनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात माहिती मांडायच्या रीतीत, लिहा, नाहीतर डेटाबेसच्या तक्त्यात तीन स्तंभ करा. उलट मी तेच सुचवेन. डोळ्यांनी वाचता येतं, उद्या दुसऱ्या भाषेतला प्रोग्रामही वाचू शकतो. फक्त जेसनमध्ये क्लासचं नाव लिहून 'वाचताना हाच क्लास उभा कर' अशी मोकळीक देऊ नका. जॅक्सन या लोकप्रिय लायब्ररीत तशी सोय चालू ठेवल्याने जुना धोका नव्या दाराने आत आला होता.

"वाडिन, विकेट हे आपोआप करतात, मग एवढी खटपट का?" असंही विचारलं जातं. पडदा अर्धा तास जगणार असेल, वाचणारा आणि लिहिणारा प्रोग्राम एकाच बांधणीचा असेल, तर त्यांची सोय खुशाल वापरा. नवी आवृत्ती चढवल्यावरही जे काम उरलेलं असायला हवं, त्यासाठी आपली चिठ्ठी.

## काम दोनदा झालं तर?

चिठ्ठी सुखरूप परत आली म्हणजे सगळं झालं असं नाही. समजा निरोप गेला, आणि 'झालं' अशी खूण करण्याआधीच वीज गेली. प्रोग्राम परत उठतो, चिठ्ठी तशीच दिसते, निरोप पुन्हा जातो. आधी खूण करून मग काम करायचं ठरवलं, तर मधे वीज गेल्यावर काम कधीच होणार नाही. दोन्हींपैकी एक निवडावंच लागतं. निरोप दोनदा गेला तर शेतकरी फार तर एकदा वैतागेल. व्यापाऱ्याच्या खात्यात मात्र एकाच गाडीची रक्कम दोनदा चढली, तर भांडण चावडीवर जाईल.

म्हणून काम आधी, खूण नंतर, आणि काम असं लिहायचं की दुसऱ्यांदा चाललं तरी नुकसान होऊ नये. खात्याच्या तक्त्यात पावती क्रमांक एकदाच येऊ शकेल अशी अट डेटाबेसलाच घाला. दुसरी नोंद तो स्वतः नाकारेल. खूण आणि नोंद एकाच डेटाबेसमध्ये असतील तर दोन्ही एकाच व्यवहारात बांधा, म्हणजे वीज गेली तरी एकतर दोन्ही होतील किंवा दोन्ही होणार नाहीत.

तपासणीसाठी एक सवय लावून घ्या. प्रोग्रामची प्रत्येक आवृत्ती बाहेर पडताना तिने साठवलेली एक फाइल टेस्टच्या फोल्डरमध्ये कायमची ठेवा आणि नव्या आवृत्तीला त्या सगळ्या जुन्या फाइली वाचायला लावा. साठवायचं आणि त्याच दमात परत वाचायचं ही टेस्ट जवळजवळ नेहमीच पास होते, कारण बोट आणि माणूस दोन्ही अजून त्याच आवारात असतात.